पेटीतले जुने सिक्के टपालाने पाठवताना

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दू येते म्हणजे जुन्या सिक्क्यांवरची फारसीही वाचता येणार, असा कळंब-नेरळ भागातल्या लोकांचा भरवसा आहे. त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणी ना कुणी रुमालाची गाठ सोडून काळवंडलेले रुपये आमच्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "जरा वाचून सांगा, यावर कुणाचं नाव आहे?" त्यानंतरचा प्रश्न किमतीचा. आणि अलीकडे तिसरा प्रश्न हमखास येतो. मुंबईचा किंवा पुण्याचा कुणी फोनवर म्हणतो आहे की पाठवून द्या. तर कसे पाठवायचे, आणि वाटेत गेले तर काय?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लोकांना वाटते तसे टपालाच्या खिडकीवर सुरू होत नाही. ते घरात सुरू होते. सिक्का कुणाचा आहे, हे आधी ठरले पाहिजे.

दादी किंवा नानी वारली, तिच्या पेटीत बटव्यात बांधलेले रुपये निघाले, तर ते पेटी उघडणाऱ्या मुलाचे होत नाहीत. ती मीरास आहे. वडील वारले असतील तर मुले असताना आईचा आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात भावाला दोन तर बहिणीला एक, हा हिशेब आपल्या घरांत सर्वांना तोंडपाठ असतो. पण जमीन आणि घर सोडले तर तो लावला जातो किती ठिकाणी? सिक्के लहान असतात, मुठीत मावतात, म्हणून ते हिशेबातून निसटतात. आमचा अनुभव असा की वाटेत हरवलेल्या पार्सलापेक्षा न सांगता विकलेल्या सिक्क्यांवरून भाऊ-बहिणींत जास्त अबोला झाला आहे. तेव्हा पाठवण्याआधी वारसांना एकत्र बसवून दाखवा, मोजा, आणि कुणाच्या नावाने कोण पाठवणार ते लिहून घ्या.

हा कागदच पुढे विम्याला लागतो. विमा म्हणजे काय, तर वस्तूची खरी किंमत आधी सांगायची आणि ती सिद्ध करता यायला हवी. हरवल्यावर "खूप मौल्यवान होता हो" असे म्हणून कुणी पैसे देत नाही. म्हणून प्रत्येक सिक्क्याचे दोन्ही बाजूंनी स्वच्छ उजेडात फोटो काढावेत, शेजारी मोजपट्टी ठेवावी. सोनाराच्या काट्यावर वजन करून ग्रॅमचे दोन दशांश लिहावेत. वर बादशहाचे नाव, टांकसाळीचे गाव, हिजरी साल आणि जुलूसी साल वाचता येत असेल तर तेही. एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याकडून किमतीचे पत्र सही-शिक्क्यासह घ्यावे. दोघांकडून घेतले तर उत्तम.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फारसी अक्षरे दिसली की सिक्का मुघलांचा आणि लाखमोलाचा, असे नाही. शाह आलम दुसरा याचे नाव त्याच्या मृत्यूनंतरही कितीतरी वर्षे हिंदुस्थानभर सिक्क्यांवर चालत राहिले. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी पाडलेल्या रुपयांवर टांकसाळ "सुरत" आणि जुलूस "46" असेच लिहिलेले असे. साल पुढे सरकले तरी आकडा तोच. पुण्याकडचे अंकुशी रुपयेही त्याच बादशहाच्या नावाचे, फक्त अंकुशाची खूण वेगळी. असे रुपये बरेच सापडतात आणि त्यांची किंमत चांदीपेक्षा फार वर जात नाही. उलट एखादा कमी दिसणारा टांकसाळीचा सिक्का काळाकुट्ट असूनही मोलाचा ठरतो. राणी छाप आणि राजा छाप रुपयाचे गणित सोपे आहे. 11.66 ग्रॅम वजन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात 91.7 टक्के चांदी. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचा आहे. तो "चांदीचा" म्हणून विमा उतरवला तर दावा टिकणार नाही.

आणि कृपा करून घासू नका. चिंच, राख, पितांबरी, लिंबू, काही नको. आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी सहा सिक्के कुणीतरी प्रेमाने घासून चकचकीत केलेले असतात, आणि संग्राहक असल्या सिक्क्याला निम्मी किंमतही देत नाही.

आता गिऱ्हाईक. वैष्णोदेवीचे नाणे, 786 क्रमांकाची नोट, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट "लाखो रुपयांना घेऊ" अशा जाहिराती मोबाइलवर येतात. 786 च्या नोटा जपून ठेवायची आवड आपल्या घरांत विशेष, म्हणून आपणच त्यांचे सोपे सावज. समोरचा आधी नोंदणी फी मागतो, मग कर, मग "पार्सलच्या विम्याचे पैसे". रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितले की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही, ती असे शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून विम्याचे पैसे आगाऊ मागत नसतो. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, हेही घरातल्या मुलींना, सुनांना, म्हाताऱ्यांना सांगून ठेवा. फसगत झालीच तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

एवढे झाल्यावर मग पार्सल. सिक्का सिक्क्याला लागता कामा नये. प्रत्येक सिक्का वेगळ्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये घालावा. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटे टाळावीत, त्यांचा हिरवट चिकट थर सिक्क्यावर बसतो. होल्डर दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये चिकटपट्टीने बसवावेत, हलवून पाहावे. आवाज आला तर पुन्हा बांधावे. खुळखुळ ऐकणाऱ्याला आत काय आहे ते सांगावे लागत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो ते कर्जतकरांना काय सांगायचे, म्हणून आत प्लास्टिकची पिशवी, मग खोका, मग दुसरा खोका. साध्या लिफाफ्यात सिक्का घालून टाकणे म्हणजे तो यंत्राच्या रुळांत कागद फाडून बाहेर पडावा अशीच सोय. खोक्यावर "नाणी" असा शब्द नको, दुकानाचे नावही नको.

गावातल्या शाखा डाकघरात मोठ्या रकमेचा विमा उतरवता येत नाही, म्हणून नेरळ किंवा कर्जत गाठावे आणि खिडकीवर "इन्शुअर्ड" असे स्पष्ट सांगावे. लोक इथेच गफलत करतात. नोंदणी म्हणजे विमा नव्हे. रजिस्टर्ड टपाल हरवले तर वर्षानुवर्षे भरपाई मिळे ती शंभर रुपये, आत हजाराची वस्तू असो की लाखाची. 2025 साली रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये मिसळले गेले, 1898 चा टपाल कायदा जाऊन 2023 चा नवा कायदा जून 2024 पासून लागू झाला, पण मूळ तत्त्व तेच आहे. टपाल खाते जेवढी जबाबदारी स्पष्टपणे स्वीकारते तेवढीच त्याच्यावर येते. ती वाढवायची तर किंमत सांगून विमा उतरवावा लागतो. कमाल रक्कम आणि दर खिडकीवर विचारून घ्यावेत. सिक्के जास्त असतील तर एका खोक्यात न घालता दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी पाठवावेत.

जुनी पद्धत अशी की विम्याच्या पार्सलाच्या प्रत्येक जोडावर लाख ओतून आपली खासगी मोहर उठवायची. कुणाच्याही हातात असणारा पैसा किंवा बटण दाबून उठवलेली मोहर चालत नसे, ती सर्वत्र सारखी आणि ओळखता येण्यासारखी हवी. कारकून अचूक वजन करून ते वरच लिहितो. त्या आकड्याचा फोटो काढून घेणाऱ्याला पाठवा. तिकडे त्याने पोस्टमनसमोरच वजन आणि मोहरा तपासाव्यात, काही फरक दिसला तर सही करण्याआधी बोलावे. सही झाल्यावर खोका घरात नेऊन उघडला आणि मग तक्रार केली, तर कुणाचा शब्द मानायचा?

विम्याचे पैसे वाचावेत म्हणून पन्नास हजारांचा माल पाच हजारांचा सांगणारे आहेत. हरवला तर पाच हजारच मिळतात. किंमत फुगवून सांगणाऱ्यालाही फुगवलेली रक्कम मिळत नाही, उलट दावाच धोक्यात येतो. आणि लक्षात घ्या, वर जी मीरास सांगितली तीत बहिणीचा हिस्सा असेल, तर कमी सांगितलेली किंमत ही तिच्या हिश्श्याचीही कमी सांगितलेली किंमत आहे.

"पण विमा आपल्यात जायज आहे का?" हा प्रश्न येतोच, आणि तो टाळणे बरे नव्हे. गंमत अशी की "विमा" हा शब्दच मूळचा फारसी, बीमा. त्यामागे "बीम" म्हणजे भीती, धोका. मुंबई-गुजरातच्या किनाऱ्यावर पूर्वी "जोखमी हुंडी" चाले. गलबतातला माल सुखरूप बंदरात लागला तरच हुंडीचे पैसे द्यायचे, बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे बुडाले. समुद्री विम्याचा प्रश्न दमास्कसचे हनफी फकीह अल्लामा इब्न आबिदीन शामी (मृत्यू 1836) यांच्यासमोरही आला. त्यांच्या काळात त्याला "सौकरा" म्हणत. त्यांनी व्यापाऱ्यांच्या त्या व्यवहाराला मान्यता दिली नाही, पण जहाजवाला स्वतःच हमी घेत असेल तर मोबदला घेऊन अमानत सांभाळणाऱ्याचा मुद्दा येतो, हा फरकही त्यांच्या चर्चेत आहे. याच धाग्यावरून बऱ्याच उलमांनी टपालाचा विमा इतर विम्यापासून वेगळा धरला. इथे माल ज्याच्या ताब्यात, तोच हमीदार. तो सांभाळण्याची मजुरी घेतो आणि हरवले तर भरून देतो. तिसऱ्याच कंपनीने हप्ता घेऊन केलेला करार हा वेगळा प्रश्न. आपल्याकडे शाफई आणि हनफी दोन्ही घरे आहेत, तेव्हा आपापल्या आलिमांना विचारावे. पण विचारताना हा फरक मांडून विचारावे, नुसते "विमा जायज का" असे नव्हे.

खासगी कुरिअरबद्दल थोडक्यात. बहुतेकांच्या पावतीमागे बारीक अक्षरांत न स्वीकारण्याच्या वस्तूंची यादी असते आणि तीत रोकड, नाणी, सोने-चांदी, पुरातन वस्तू येतात. "खेळणी" म्हणून लिहून दिले की खोका जातो खरा, पण हरवल्यावर खेळण्याचेच पैसे मिळतात.

सर्वांत गंभीर बाब परदेशाची. आपल्या भागातले कितीतरी तरुण दुबई, कतार, सौदीत आहेत, आणि तिकडे जुन्या सिक्क्यांचे शौकीन भेटतात. "चार सिक्के सुट्टीवरून परत जाताना घेऊन जा" असे सहज म्हटले जाते. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुना सिक्का हा पुरावशेष आहे आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. टपाल असो की बॅग, कायदा एकच. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कैद आणि दंड. मुघल, निजामशाही, शिवराई, राणी छाप हे सगळे त्यात आलेच; आता पंचम जॉर्जचे 1911 ते 1922 चे रुपयेही शंभरी ओलांडून बसले आहेत. ही रेषा दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. जिथे पाठवणेच गुन्हा आहे, तिथे विम्याचा कागद उपयोगी पडत नाही. सिक्का अलीकडचा असून शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला घेता येतो. खात्याचे मुंबई मंडळाचे कार्यालय शीव किल्ल्यात आहे. देशातही पुरावशेषांचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, तो विचारायला लाजू नये. आणि सिक्के पेटीत नव्हे तर शेतात, पाया खणताना सापडले असतील तर गोष्ट निराळी. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या कायद्याने आजही बंधनकारक आहे.

न विकता घरातच ठेवायचे ठरले, तरी एक बघून घ्या. घराच्या साध्या विमा पॉलिसीत नाणी वेगळी नमूद केल्याशिवाय धरली जात नाहीत. मौल्यवान वस्तूंचे कलम किंमत ठरवून वेगळे घ्यावे लागते. बँकेच्या लॉकरमध्ये चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झाले तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट एवढीच आहे. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. पूर किंवा भूकंपात तेवढेही नाही. लॉकरमध्ये ठेवलेल्या सिक्क्यांची फोटोंसह यादी मात्र घरी ठेवावी, आणि तिची एकेक प्रत लग्न होऊन गेलेल्या बहिणींकडेही द्यावी.