शांत दिसणाऱ्या पाण्याचा धोका

ऑस्ट्रेलियात शिकायला निघालेल्या मुलांना घरचे लोक शार्कपासून जपायला सांगतात. पण रॉब ब्रँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिथल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शार्कमुळे वर्षाला सरासरी एक, तर समुद्राकडे ओढून नेणाऱ्या ‘रिप’ प्रवाहांमुळे सरासरी २१ माणसे दगावत असल्याचे आढळले. ‘लाटा उसळतात तिथे धोका, शांत पाण्यात नाही’ हा या बाबतीतला सर्वांत घातक गैरसमज. किनाऱ्यावर आलेले पाणी वाळूतल्या खोलगट वाटेने परत फिरते. ती वाट खोल असल्याने तिथे लाटा फारशा फुटत नाहीत, पाणी गडद आणि संथ दिसते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. सिडनीतल्या बाँडाय किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, बसथांब्याजवळ, असाच एक प्रवाह आहे. पर्यटक त्यात इतके सापडतात की त्याला ‘बॅकपॅकर्स एक्स्प्रेस’ असेच नाव पडले आहे.

‘मला विहिरीत, नदीत पोहता येते’ हा भरवसाही इथे पुरत नाही. जोरावर आलेला रिप सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेग घेतो. त्याच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही दमतो, आणि माणूस बुडतो तो या दमण्याने. रिप खाली खेचत नाही, आत नेतो. म्हणून घाबरून हातपाय न मारता तरंगत राहावे, हात उंच करून मदत मागावी आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत लाटा फुटतात त्या बाजूला सरकावे.

यावर कुणी म्हणेल, आम्ही पोहत नाही, कंबरभर पाण्यात नुसते उभे राहतो. मग जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांमधल्या गर्दीत कशाला जायचे? ६ फेब्रुवारी १९३८ रोजी बाँडायला लोक उथळ वाळूच्या पट्ट्यावरच होते. लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी शेकडो जणांना खोल पाण्यात लोटले. पाच जण गेले; बाकीचे वाचले, कारण जीवरक्षक तिथेच हजर होते. झेंडे लावण्यामागे हाच विचार आहे. जीवरक्षक रोज पाणी पाहून जागा ठरवतात, समुद्र बदलला की झेंडे हलवतात आणि त्याच पट्ट्यावर नजर ठेवतात. झेंडे नसतील तर पाण्यात उतरूच नये.

राहिला प्रश्न संकोचाचा. हात वर केला तर लोक हसतील, पैसे भरावे लागतील, या भीतीने मुले उशीर करतात. तिथल्या किनाऱ्यांवर १९०७ पासून संघटितपणे काम करणारे हजारो जीवरक्षक स्वयंसेवक आहेत आणि ते वाचवण्याचे पैसे घेत नाहीत. पाण्यात उतरण्याआधी ‘आज कुठे उतरावे?’ असे त्यांना विचारणे हा तिथला रिवाजच आहे. परक्या देशात विद्यापीठाचे नियम आपण वाचून घेतो. समुद्राचे नियमही तितक्याच आस्थेने शिकायला हवेत.