खुब्यातली वाटी कशाची?

‘सांधो स्टीलचो आसा, जल्मात झिजूचो नाय!’ मुंबईत खुब्याचं ऑपरेशन करून वैभववाडीला परतलेला चाकरमानी असं निर्धास्त सांगतो, तेव्हा मला काळजी वाटते. ऑपरेशन 2004 ते 2010 मधलं असेल, तर जास्तच.

धातू झिजतो. कृत्रिम खुब्यात मांडीच्या हाडात ठोकलेल्या दांड्यावर एक गोळा असतो आणि तो वाटीत फिरतो. गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची असली, की पावलागणिक कोबाल्ट-क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण सुटतात. वाटी तिरकी बसली असेल तर अधिकच. ते आजूबाजूच्या मांसात साठतात, गाठी होतात, हाड पोखरलं जातं; काही अंश रक्तात उतरतो. डेप्यू कंपनीच्या ‘एएसआर’ सांध्याचं हेच झालं. ब्रिटनच्या नोंदींनुसार पाच वर्षांतच शंभरातले बारा-तेरा सांधे पुन्हा ऑपरेशन करून बदलावे लागले. ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीने जगभरातून हा सांधा मागे घेतला. तोवर भारतात सुमारे 4,700 जणांवर त्याची शस्त्रक्रिया झाली होती. 2018 मध्ये केंद्राच्या समितीचा अहवाल उजेडात आला, तेव्हाही त्यातल्या हजारो रुग्णांचा पत्ता लागलेला नव्हता. त्यातलं कुणी आपल्या वाडीतही असू शकतं.

‘दुखत नाही, म्हणजे सगळं ठीक’ हाही भ्रमच. वेदना नसतानाही रक्तातलं कोबाल्ट वाढलेलं असू शकतं. ते रक्ततपासणीत कळतं, आणि गाठ आहे का ते एमआरआयमध्ये. मात्र सांधा धातूचा निघाला म्हणजे तो काढायलाच हवा, असं मुळीच नाही. तपासण्या पाहून डॉक्टर ठरवतात. अनेकांना नुसती नियमित तपासणी पुरते.

आता उलटी भीती. ‘धातू म्हणजे विष’ म्हणून घाट चढून कोल्हापूरला ठरलेलं ऑपरेशन कुणी रद्द करू नये. आज बहुतेकांना धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा आणि पॉलिएथिलीन या टणक प्लॅस्टिकची वाटी बसवतात. दांडा टायटॅनियमचा असला, तरी तो वाटीत घासत नाही. अंथरुणाला खिळलेली माणसं या ऑपरेशनने पुन्हा चालू लागतात.

तेव्हा आजोबांची जुनी फाईल ट्रंकेतून काढा. ऑपरेशनच्या कागदांवर बहुधा एक छोटं स्टिकर चिकटवलेलं असतं. त्यावर कंपनी, सांध्याचं नाव आणि क्रमांक असतो. सापडलं नाही, तर जिथे ऑपरेशन झालं त्या रुग्णालयाकडे नोंद मागा. आणि तो कागद घेऊन एकदा हाडांच्या डॉक्टरांना भेटाच.