मालेगावचे विडंबनपट : सायकलीवरचे दरोडेखोर, यंत्रमागावरचा सुपरमॅन

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मागांचे शहर असून शुक्रवारी माग थांबले की चित्रपट हाच तेथील कामगारांचा मोठा विरंगुळा असे. याच प्रेक्षकवर्गातून गेल्या शतकाच्या अखेरीस विडंबनपटांची, म्हणजे गाजलेल्या चित्रपटाची कथा आणि ढब उचलून तिला विनोदी वळण देणाऱ्या चित्रपटांची, स्वतंत्र परंपरा उभी राहिली. तिचे प्रवर्तक नासिर शेख हे व्हिडिओ पार्लर, म्हणजे तिकीट लावून व्हिडिओवर चित्रपट दाखवणारे छोटे गृह, चालवत असत आणि चित्रपटकलेचे त्यांचे सारे शिक्षण तेथेच झाले.

त्यांच्या 'मालेगाव के शोले'मध्ये रमेश सिप्पी यांच्या 1975 च्या 'शोले'तील रामगड हे खेडे मालेगावच्या मातीत उतरले. तेथे दरोडेखोर घोड्यांऐवजी सायकलींवरून आले आणि आगगाडीची जागा बसने घेतली. पैशांची चणचण हे याचे उघड कारण होते; परंतु साहसपटाचा दरारा भव्यतेवर उभा असतो, ती काढून घेतली की नायक-खलनायकांचा नुसता आविर्भाव उरतो आणि प्रेक्षकाला हसू येते, हे विडंबनाचे मर्म त्या चणचणीतूनच साधले गेले. शिवाय सायकल प्रेक्षकाच्या रोजच्या वापरातली असल्यामुळे तिच्यावर बसलेला खलनायक गब्बरही त्याला आपल्याच गल्लीतला वाटू लागला.

पुढील 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये अमेरिकी चित्रकथांतून 1938 मध्ये अवतरलेल्या महाबली नायकाची भूमिका शफीक शेख या किडकिडीत यंत्रमाग कामगाराने केली. त्याचे उड्डाण हिरव्या पडद्यासमोर, म्हणजे संगणकावर मागचे दृश्य बदलता यावे म्हणून लावलेल्या एकरंगी पडद्यासमोर, चित्रित झाले. कॅमेरा पुढे सरकवण्यासाठी सायकल आणि उंच नेण्यासाठी बैलगाडी वापरली गेली. ही जुगाडाची कौतुककथा नव्हे, तर यंत्रांच्या सहवासात वाढलेल्या कारागिरांची तांत्रिक बुद्धी आहे, आणि तिचे मोल त्याच दृष्टीने व्हावयास हवे. या सुपरमॅनसमोरचे संकट परग्रहावरचे नसून शहरातील घाणीचे आहे.

फैझा अहमद खान यांनी या निर्मितीवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, तो 2012 मध्ये भारतातील चित्रपटगृहांत आला. शफीक शेख यांचे अल्पवयातच तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा कथापट 28 फेब्रुवारी 2025 रोजी प्रदर्शित झाल्यावर या मंडळींची नावे देशभर पोहोचली. तथापि, मालेगावविषयीचे चित्रपट पाहून थांबलेल्या प्रेक्षकाने मालेगावने स्वतः केलेले चित्रपटही अवश्य पाहावेत.