रोहा ते ठोकूर: एका कामाची विभागणी

मोठ्या कामाचा आराखडा पुरे होण्याच्या तारखेपासून मांडला जातो खरा. परंतु ते काम कोठे आणि किती बारीक तोडले आहे, यावरच त्या तारखेचे मोल ठरते. कोकण रेल्वेची बांधणी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन होऊन ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रे आली आणि रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार व उडुपी अशा सात विभागांत वाटला गेला. प्रत्येक विभागाला स्वतंत्र मुख्य अभियंता मिळाला व निर्णयाचे अधिकारही त्याच्याकडे आले. ही वाटणी नकाशापुरती राहिली नाही, ती याच कारणाने.

विभागाच्या आत काम पुन्हा भूसंपादन, मातीकाम, पूल, बोगदे आणि रूळ अशा गटांत पडते, आणि एका गटाचा शेवट हीच दुसऱ्याची सुरुवात असते. खडी आणि रूळ यांना भराव व पूल तयार होईपर्यंत थांबावे लागते. बोगदा अडला, तर त्याच्या दोन्ही बाजूंचा तयार मार्ग असून नसल्यासारखा होतो. ज्या कामांच्या साखळीत एका दिवसाचा उशीर झाला की संपूर्ण प्रकल्पाला एका दिवसाचा उशीर होतो, त्या साखळीला नियोजनशास्त्रात ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात.

कठीण कातळातील बोगद्यात कामाचा सर्वांत लहान घटक म्हणजे एक फेरी: कातळाच्या तोंडावर भोके पाडायची, त्यांत स्फोटके भरायची, सुरुंग उडवायचा, धूर निघून जाईपर्यंत थांबायचे, छतावरचे सैल दगड पाडायचे, राडारोडा बाहेर काढायचा, गरज असेल तेथे छताला आधार द्यायचा आणि पुन्हा भोके पाडायची. फेरीमागे किती मीटर पुढे सरकता येते हे कळले, की करबुड्यासारख्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्याचाही हिशेब मांडता येतो. दोन तोंडांकडून आलेले खोदकाम आरपार जुळणे, हा अशा कामातील खरा मैलाचा दगड होय, कारण ते एक तर जुळलेले असते किंवा नसते. ‘ऐंशी टक्के झाले’ या वाक्यात मात्र कोणताही अंदाज खपून जातो.

गोव्यातील पेडण्याचा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा या हिशेबात बसला नाही. पाण्याने भरलेल्या मऊ मातीत फेरीचे गणितच मोडते. खोदलेला भाग पुन्हा पुन्हा ढासळला आणि त्यात कामगारांचे प्राण गेले. नियोजनाच्या तक्त्यात ‘विलंब’ म्हणून नोंदली जाणारी ही रेघ माणसांच्या जिवावर ओढलेली आहे, हे या मार्गाच्या कोणत्याही गौरवगाथेत आधी सांगितले गेले पाहिजे.

विभागणीचा उपयोग येथेच कळतो. मंगळूर–उडुपी हा तुकडा मार्च १९९३ मध्येच प्रवाशांसाठी खुला झाला आणि पुढे मार्ग तुकड्यातुकड्याने वापरात येत गेला. एका बोगद्यासाठी सगळ्यांना ताटकळावे लागले नाही. पाच वर्षांचे मूळ उद्दिष्ट मात्र हुकले. पेडण्याचा बोगदा पुरा झाल्यावरच, २६ जानेवारी १९९८ रोजी, संपूर्ण मार्गावरील वाहतूक सुरू झाली.