लघुग्रह ग्रहांवर किती वेळा आदळतात? हिशेब चंद्रावर लिहिलेला आहे

१५ फेब्रुवारी २०१३ची सकाळ. रशियातल्या चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारे २० मीटरचा खडक आकाशात फुटला. लख्ख उजेड बघायला लोक खिडक्यांपाशी आले. दोनेक मिनिटांनी हवेचा धक्का पोहोचला, काचा फुटल्या आणि सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. असं किती वेळा घडतं?

बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे सूर्याजवळचे चार खडकाळ ग्रह. मार चौघांनाही बसतो, पण खुणा सारख्या उरत नाहीत. शुक्राची हवा इतकी दाट की लहान खडक वरच संपतात. मंगळाची हवा विरळ. २४ डिसेंबर २०२१ला तिथे पडलेल्या खडकाने सुमारे १५० मीटर रुंद विवर पाडलं आणि नासाच्या इनसाइट यानाने तो हादरा टिपला. पृथ्वीवर पाऊस, वारा आणि जमिनीची हालचाल जुनी विवरं पुसून टाकतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार टिकलं, म्हणून आज दिसतं.

मग हिशेब लावायचा कसा? चंद्रावर हवाही नाही, पाऊसही नाही, त्यामुळे तिथली विवरं कोट्यवधी वर्षं टिकतात. अपोलो मोहिमांनी आणलेल्या दगडांचं वय शास्त्रज्ञांनी काढलं आणि ते जिथून आणले त्या भागातली विवरं मोजली. इतक्या वर्षांत इतके आघात, असा दर मिळाला. प्रत्येक ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर आणि गुरुत्वाकर्षण लक्षात घेऊन तोच दर इतर ग्रहांना लावतात.

त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: खडक जितका मोठा, तितका तो दुर्मिळ. पृथ्वीपुरतं बोलायचं तर चेल्याबिन्स्कएवढा खडक शतकात एक-दोनदा येतो. एक किलोमीटरचा यायला सरासरी लाखो वर्षं लागतात. डायनासोर संपवणारा सुमारे १० किलोमीटरचा होता, त्याला ६.६ कोटी वर्षं झाली.

पण सरासरी म्हणजे वेळापत्रक नव्हे. एक किलोमीटरहून मोठे बहुतेक लघुग्रह सापडले आहेत. खरी काळजी अख्खं शहर उद्ध्वस्त करू शकणाऱ्या मधल्या आकाराच्या खडकांची आहे, कारण त्यातले बरेच अजून सापडायचे आहेत. २०२२मध्ये नासाच्या डार्ट यानाने एका लघुग्रहाला धडक देऊन त्याची कक्षा बदलून दाखवली. म्हणजे ढकलता येतं, पण आधी दिसायला हवा. चेल्याबिन्स्कचा खडक सूर्याच्या दिशेने आला, म्हणून आधी कुणालाच दिसला नाही.

तेव्हा आकाशात कधी असा अचानक लख्ख उजेड दिसलाच, तर बघायला खिडकीशी धावू नका. काचेपासून लांब व्हा.