‘टेकू’ : संज्ञेचा अर्थ, रचना व उपयोजन (घाटकोपरच्या संदर्भात)

प्रस्तावना :
बांधकामक्षेत्रातील अनेक संज्ञा दैनंदिन मराठीत रुळल्या आहेत. ‘टेकू’ ही त्यांपैकीच एक होय. मुंबईतील जुन्या इमारतींच्या संदर्भात ‘टेकूवर उभी असलेली इमारत’ हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. तथापि टेकू कोणता भार घेतो, कोणता घेत नाही आणि किती काळ घेतो, याविषयी रहिवाशांत पुरेशी स्पष्टता नसते. ही अस्पष्टता केवळ भाषिक नसून ती जीवावर बेतू शकते. म्हणूनच प्रस्तुत लेखात या संज्ञेचा अर्थ व उपयोजन स्पष्ट केले आहे.

शब्दार्थ :
‘टेकू’ हे नाम ‘टेकणे’ या क्रियापदाशी निगडित आहे. ‘आधार’ हा शब्द व्यापक आहे. ‘खांब’ हा रचनेचा कायमस्वरूपी अवयव असतो, तर टेकू हा बाहेरून लावलेला व काढून घेता येण्याजोगा आधार असतो. ‘धिरा’ हा शब्दही जवळपास याच अर्थाने योजला जातो. घडाच्या भाराने वाकलेल्या केळीला शेतकरी टेकू देतो, तो घड उतरेपर्यंतच. ‘अमुक पक्षाने सरकारला टेकू दिला’ या राजकीय प्रयोगातही हा आधार केव्हाही काढून घेतला जाईल, ही सूचना असते. थोडक्यात, तात्पुरतेपणा हा या शब्दाच्या अर्थाचाच भाग आहे.

रचना व प्रकार :
टेकूचे साधारणतः तीन प्रकार मानले जातात. तुळई किंवा स्लॅबखाली लावला जातो तो उभा टेकू. कललेल्या भिंतीला जमिनीवरून दिला जातो तो तिरपा टेकू. दोन समोरासमोरच्या भिंतींच्या मध्ये जमिनीला न टेकता बसवला जातो तो आडवा टेकू. उभ्या टेकूच्या तळाशी भार पसरविण्यासाठी जाड फळी ठेवतात व पाचरी ठोकून तो घट्ट करतात. येथे एक बाब महत्त्वाची आहे. दुसऱ्या मजल्यावरील टेकूचा भार पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर येतो. त्यामुळे त्याच्या नेमक्या खाली, प्रत्येक मजल्यावर, जमिनीपर्यंत टेकू असणे आवश्यक ठरते. अन्यथा दोष दूर न होता केवळ एक मजला खाली सरकतो.

टेकू आणि तिरकस बंध :
उभा टेकू प्रामुख्याने वरून येणारा भार पेलतो. बाजूने येणारा जोर पेलण्याची त्याची क्षमता अत्यल्प असते. त्यासाठी ‘ब्रेसिंग’, म्हणजेच तिरकस बंध, आवश्यक असतो. चार काठ्यांची चौकट कोपऱ्यांत खिळ्याने जोडून बाजूने ढकलल्यास ती सहज तिरकी होते. तिच्यात कर्णाची एक काठी ठोकल्यास दोन त्रिकोण तयार होतात आणि चौकट ताठ राहते, कारण बाजूंची लांबी न बदलता त्रिकोणाचा आकार बदलू शकत नाही.

बंधाचे दुसरेही कार्य आहे. अठराव्या शतकातील गणितज्ञ ऑयलर यांच्या सूत्रानुसार सडपातळ खांबाची लांबी दुप्पट झाली, तर वाकण्यापूर्वीची त्याची भारक्षमता एक चतुर्थांश होते. उलटपक्षी, उंच टेकूला मध्यभागी दोन्ही दिशांनी पक्के बांधल्यास ती क्षमता सुमारे चौपट होऊ शकते. बंध स्वतः फारसा भार घेत नाही. तो टेकूला सरळ ठेवतो.

कालमर्यादा :
आय.एस. ४५६ : २००० या भारतीय मानकात नव्या काँक्रीटखालील टेकू किमान किती काळ ठेवावेत हे दिले आहे. साध्या सिमेंटसाठी व सामान्य तापमानात ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस व त्याहून मोठ्या स्लॅबला १४ दिवस, तर ६ मीटरपर्यंतच्या तुळईला १४ दिवस व त्यापुढे २१ दिवस, अशी ही मुदत आहे. म्हणजे नव्या बांधकामात टेकूचे आयुष्य दिवसांत मोजले जाते. जुन्या इमारतीत मात्र तोच टेकू वर्षानुवर्षे राहतो आणि रहिवासी त्याला दुरुस्ती समजू लागतात.

घाटकोपरमधील दोन घटना :
२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर (पश्चिम) येथील दामोदर पार्क परिसरातील सिद्धीसाई ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांमध्ये फेरफार केल्याचा आरोप या प्रकरणी झाला. एखाद्या खांबाला हात लावण्यापूर्वी त्यावरील सर्व मजल्यांचा भार टेकूंवर घेणे व त्यासाठी अभियंत्याची गणिते असणे अनिवार्य असते. खांब हा एका सदनिकेत दिसत असला तरी तो संपूर्ण इमारतीचा असतो.

दुसरी घटना १३ मे २०२४ ची. छेडानगर येथे वादळी वाऱ्यात महाकाय जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला व त्यातही १७ जण मृत्युमुखी पडले. हा फलक सुमारे १२० फूट लांब व १२० फूट उंच होता. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. म्हणजे वारा अडविणारे क्षेत्रफळ नऊपट होते. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. येथे प्रश्न वरून येणाऱ्या भाराचा नव्हता, तर बाजूने येणाऱ्या जोराचा होता. असा जोर बंधांमार्फत अखेर पायापर्यंत पोहोचतो. पाया अपुरा असल्यास बंधही निरुपयोगी ठरतात.

निष्कर्ष :
‘आधार आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. तो कोणत्या दिशेच्या भाराला, किती काळासाठी आणि कशावर टेकलेला आहे, हे तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे. दक्षिण मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळ निर्माण झाले; उपनगर मात्र त्या व्यवस्थेच्या बाहेर राहिले. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेण्याची जबाबदारी मालक व रहिवाशांवरच आहे. त्यामुळे घाटकोपरसारख्या उपनगरात या संज्ञेचे अचूक आकलन हे नागरिकांच्या सुरक्षिततेचे एक साधन ठरते. टेकू हा दुरुस्तीला पर्याय नसून दुरुस्तीसाठी मिळालेली मुदत आहे.