हंगामी याकूत प्रादेशिक लोकप्रशासन

हंगामी याकूत प्रादेशिक लोकप्रशासन हे रशियन यादवी युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात, मार्च १९२२ मध्ये, याकुत्स्कच्या पूर्वेकडील चुराप्चा या गावी स्थापन झालेले अल्पजीवी सोव्हिएतविरोधी शासन होते. याकूत किंवा साखा हे ईशान्य सायबेरियात राहणारे, घोडे व गुरे पाळणारे तुर्की भाषाकुलातील लोक आहेत.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९२१ मध्ये माया नदीकाठच्या नेल्कान परिसरात कनिष्ठ श्वेत अधिकारी मिखाईल कोरोबेइनिकोव याच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. आरंभी त्यात जेमतेम २०० माणसे होती. तो पसरला तो प्रामुख्याने स्थानिक बोल्शेविक नेतृत्वाच्या धोरणामुळे. जप्ती, अटका आणि गोळ्या घालण्याच्या शिक्षा यांमुळे तटस्थ राहिलेले साखाही बंडखोरांना जाऊन मिळाले.

शासन आणि त्याचा अस्त

प्रशासनाचे प्रमुखपद गेओर्गी येफिमोव याच्याकडे, तर सैन्याची सूत्रे कोरोबेइनिकोवकडे होती. ६ मार्च १९२२ रोजी याकुत्स्कजवळ लाल सेनापती नेस्टर कालांदारिश्विली दबा धरून केलेल्या हल्ल्यात मारला गेला. याकुत्स्कची नाकेबंदी झाली, पण शहर पडले नाही. प्रशासनाने व्लादिवोस्तोकच्या श्वेत सरकारकडे मदत मागितली. त्यावरून रशियापासून फुटून निघण्यापेक्षा सोव्हिएत सत्ता हटवणे हाच त्याचा मुख्य हेतू असल्याचे दिसते.

निर्णायक बदल रणांगणाबाहेर घडला. त्याच मार्चमध्ये कठोर धोरण राबवणाऱ्या स्थानिक नेत्यांना दूर करण्यात आले. प्लातोन ओयुन्स्की, माक्सिम अमोसोव व इसिदोर बाराखोव या साखा बोल्शेविकांनी बंडखोरांना माफी आणि प्रदेशाला स्वायत्तता देण्याचा आग्रह धरला. २७ एप्रिल १९२२ रोजी याकूत स्वायत्त सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताक स्थापन झाले. चुराप्चाच्या शासनाचा जनाधार त्यामुळे ओसरू लागला. उन्हाळ्यात बंडखोर ओखोत्स्क समुद्राच्या किनाऱ्याकडे हटले.

पेपेल्यायेवची मोहीम

मागितलेली मदत आली, पण फार उशिरा. जनरल अनातोली पेपेल्यायेव सुमारे ७०० स्वयंसेवकांसह सप्टेंबर १९२२ मध्ये आयान बंदरात उतरला. पुढच्याच महिन्यात व्लादिवोस्तोक लाल सेनेच्या हाती गेले आणि या तुकडीचा पाठीराखा उरला नाही. तरीही तिने भर हिवाळ्यात तैगा ओलांडून फेब्रुवारी १९२३ मध्ये आम्गा घेतले. मात्र सासिल-सिसी येथे इवान स्ट्रोड याच्या लहानशा लाल तुकडीने १८ दिवस वेढा सोसला. गोठलेल्या शेणाच्या लाद्या आणि मृतदेह रचून तिने तटबंदी केली होती. या खोळंब्यात आम्गा हातचे गेले. १७ जून १९२३ रोजी आयान येथे स्तेपान वोस्त्रेत्सोव याच्यापुढे पेपेल्यायेवने न लढता शरणागती पत्करली.

खटल्यात त्याला झालेली देहान्ताची शिक्षा नंतर १० वर्षांच्या कारावासात बदलली गेली. स्तालिनकालीन दडपशाहीत १९३७ मध्ये स्ट्रोडला, तर जानेवारी १९३८ मध्ये पेपेल्यायेवला गोळ्या घालण्यात आल्या. अमोसोव आणि बाराखोव यांनाही १९३८ मध्ये मृत्युदंड झाला. ओयुन्स्की १९३९ मध्ये याकुत्स्कच्या तुरुंगात मरण पावला.